कनातीचं दुसरं टोक

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लाल कनातीची घडी.

कनात म्हणजे मांडवाच्या बाजूनं भिंतीसारखं बांधतात ते लांब कापड. आमचा बिछायतीचा धंदा होता. लग्नाला, बारशाला, तेरवीला मांडव, सतरंज्या, स्वयंपाकाचे मोठाले गंज, पराती भाड्यानं द्यायचो. घर आदिलाबादला लागून मावला गावात, हमरस्त्याच्या कडेला. पुढून ट्रक जायचे, मागं टिनाचं शेड, शेडात सामान. माघाचे दिवस होते आणि थंडी अजून गेली नव्हती. आदल्या दिवशी तिनं कनातीवरचे वरणाचे डाग चोळून धुतले होते. कापड कुंपणावर वाळत होतं, त्यावर दव पडलं होतं. ऊन आल्यावर आम्ही दोघं घडीला लागलो. ती एका टोकाला, मी दुसऱ्या.

माझा डावा कान लढाईपासून गेलेला. वारा असला तर उजवाही फारसा कामाचा नाही. म्हणून घडी घालताना ती लांबून ओरडत नसे. कापडाला झटका द्यायची. एक झटका म्हणजे पुढं या. दोन झटके म्हणजे थांबा, तिरपं झालं. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. आपोआप झालं होतं.

त्या सकाळी एक झटका आला, मी पुढं गेलो, माझी टोकं तिच्या हातात दिली. तिनं किनार चाचपली.

"नाड्याकडची कोर ओली हाये अजून," ती म्हणाली.

"मंग राहू दे वाळत."

"अन् ट्रकाची धूळ खाऊ दे? परवा पोरीच्या लग्नाले मळकी कनात लावता का? आता उचला. उद्या सकाळी उन्हात टाकजा परत."

"टाकतो."

"टाकतो म्हनता अन् इसरता."

"नाई इसरत, बापा. धर नीट."

घडी झाली. मी ती शेडातल्या फळीवर ठेवली. परवाचं लग्न गुडीहत्नूरच्या अलीकडच्या एका खेड्यातलं होतं. पोरीचा बाप माझा जिनिंगमधला जुना सोबती. हे कापड त्याच्याच मांडवाचं.

ती आंबाडीची भाजी निवडत दाराशी बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "छाती गच्च झाल्यावानी वाटते. पडते जराशी." मी तिला चिमूटभर ओवा दिला. तिनं चावला, पाणी प्याली, आत जाऊन पडली. मी शेडात दोर सरळ करत बसलो. भाकरीची वेळ झाली तशी हाक मारली. मग आत गेलो. भाजी सुपात अर्धी निवडलेली होती, अर्धी तशीच.

गावातून डॉक्टर आला. म्हणाला, हृदय बंद पडलं, झोपेतच गेल्या, कळलंही नसेल. मी त्याला हात जोडले. मी माणसं मरताना पाहिलेली आहेत, चांगली तरणीताठी. कसं मरण येतं ते मला माहीत आहे. तिला आपल्या घरात, आपल्या गोधडीवर आलं, हातापायानं धड असताना आलं. त्याबद्दल मी देवाशी भांडणार नाही. मला विचारलं असतं तर मी अजून पंधरा-वीस वर्षं मागितली असती, पण विचारत नाहीत.

आता मी कोण, ते सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

मी सातवीपर्यंत शिकलो. बाप सीमेवरच्या खेड्यात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि ज्वारी करायचा. मला शेतात गोडी नव्हती. भरती निघाली तसा फौजेत गेलो. तिथं मला हवाई रसदीत टाकलं. हवाई रसद म्हणजे ज्या ठाण्याला रस्ता नाही, तिथं विमानातून शिधा टाकायचा. आम्ही जमिनीवर सामान बांधायचो, तेच सामान घेऊन विमानात बसायचो आणि वरून तेच ढकलायचो. विमान चालवणारे साहेब वेगळे. आम्ही मागं, पोत्यांच्या बाजूला.

पहिलं वर्ष बांधण्यातच गेलं. तांदळाला, पिठाला छत्री, म्हणजे पॅराशूट, लागत नाही. एक पोतं थोडं मोकळं भरायचं, ते दुसऱ्या मोठ्या पोत्यात घालायचं, ते तिसऱ्यात. जमिनीवर आपटलं की आतलं फुटतं, बाहेरचं धरतं. रॉकेल, गोळ्या, औषधं यांना मात्र छत्री. छत्रीची घडी म्हणजे नागमोडी, एकावर एक, दोरी वेगळी, कापड वेगळं. ओलं कापड घडी करायचं नाही, हा पहिला धडा. उस्तादानं पहिल्याच दिवशी एक जुनी छत्री आमच्यापुढं टाकली. आत बुरशी लागून कापड जागोजागी चिकटलं होतं. बोटानं ओढलं तर पापुद्र्यासारखं फाटलं. तो म्हणाला, "कापड गीला है तो तह करके मत रखो. खोल दो." अजून माझ्या कानात आहे, उजव्या.

बकऱ्याही टाकल्या आम्ही. हसू नका. डोंगरातल्या ठाण्यांवर जवानांना मटण लागायचं, तर जिवंत बकरी छत्री बांधून सोडायची. बकरी दारापर्यंत ओरडायची आणि बाहेर पडली की एकदम गप. पुढं हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की परातीतलं पीठ सांडलं. "तुमी बी तसेच," ती म्हणाली. "घरात ओरडता, भाईर गेले की गप."

एकाहत्तरची लढाई लागली तेव्हा आम्ही पूर्वेला होतो. आपली फौज नद्या ओलांडून पुढं जायची, मागचे पूल पडलेले, गाड्या अडकलेल्या. मग आमचं विमान. डकोटा होतं, त्याचं दार काढून टाकलेलं. मी दाराशी, डावा कान बाहेर. इंजिनाचा आवाज आणि वारा दोन्ही त्याच कानात. कमरेला पट्टा, पट्टा विमानाच्या फासळीला बांधलेला. साहेब घंटी वाजवायचा, आम्ही पाठ टेकून दोन्ही पायांनी रेटायचो. सगळं एका फेरीत जात नाही. विमान वळून परत त्याच जागेवर यायचं, परत घंटी, परत लाथ.

एके दिवशी गोळ्यांची पेटी दारात आडवी अडकली. माझ्या जोडीदाराचा पाय तिच्याखाली. घंटी वाजत राहिली आणि पेटी हलेना. मी पाठीनं रेटली, त्यानं पाय ओढून घेतला, पेटी गेली. पण तोवर जागा मागं पडली होती आणि निम्मं सामान तसंच आत. खालून गोळ्या येत होत्या. शेपटीला भोकं पडली ती आम्हाला उतरल्यावर दिसली. साहेब निघून गेला असता तर कुणी त्याला बोललं नसतं. त्यानं विमान वळवलं. खाली भुकेली माणसं आहेत एवढंच त्याच्या डोक्यात. आम्ही सगळं टाकलं.

उतरल्यावर तो मागं आला. वयानं माझ्याहून लहान. जोडीदाराचा सुजलेला पाय पाहिला, मग मला विचारलं, "सब गया?"

"गया साब."

"बस," म्हणाला आणि आम्हा दोघांना एक-एक सिगारेट दिली. मी ओढत नव्हतो. त्या दिवशी ओढली.

लढाई संपल्यावर घरी येताना एका स्टेशनावर चहाच्या गाड्याशी एक जवान उभा होता. पंजाबकडचा असावा. बोलता बोलता निघालं की त्याची तुकडी नदीपलीकडे होती, आमच्या विमानाखाली. मी सांगितलं, ते सामान आम्ही बांधायचो. त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या हातात आपला चहा दिला. स्वतःचा, उष्टा. म्हणाला, "किसने बाँधा, हमें क्या पता भाई. खुल गया, हमने खाया. छतरी ओढ़ के सोये भी." त्याची गाडी लागली आणि तो गेला. मला पदक नाही मिळालं. तो चहा मिळाला.

घरी आलो तर गावात बोभाटा झालेला की मी विमान चालवतो. पोरं मागं फिरायची. पाटलाच्या ओट्यावर मला बसवलं आणि म्हातारे विचारायला लागले, विमान वळवायचं कसं, ब्रेक असतो का. मी काही बोलायच्या आत माझी बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. लग्न होऊन तिला मी फार दिसलोही नव्हतो. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "चालवत नवते. मांगं बसून पोते ढकलत होते."

सगळा ओटा हसला. मी रागानं लाल झालो. घरी आल्यावर म्हणालो, "काऊन वं, चार लोकांत माही इज्जत काढली?"

"काढली कुठं? ठेवली," ती म्हणाली. "उद्या कोनी म्हनलं असतं, चालवून दाखवा, मंग?"

पण गावात 'विमानवाले' हे नाव मला चिकटलं ते चिकटलंच.

नोकरीची वर्षं भरली, पेन्शन घेऊन मी परत आलो. ऐंशी साल उजाडत होतं. आम्हाला पोर झालं नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, त्यावर आता बोलायचं नाही. फौजेतून सुटलेल्या माणसाला लोक काय काम देतात? दारात उभं करतात. आदिलाबादला एका बँकेच्या दाराशी मी दुनळी बंदूक घेऊन उभा राहिलो. वर्षभर कुणी बँक लुटायला आलं नाही. पाय मात्र सुजले. एक दिवस तिनं माझ्या पायाला तेल चोळता चोळता विचारलं, "दिवसभर काय करता?"

"उभा राह्यतो."

"दारात उभं राहायले कुत्रं बी चालते. तुमाले बांधता येते, ते करा ना."

म्हणून भैंशाला जिनिंगमध्ये गेलो. तिथं सरकीतून निघालेली रुई दाबून गठाण बांधतात. प्रेसवर गठाण आवळायला माणूस हवा होता. मालकानं माझं बांधलेलं एक गठाण लाथेनं उलटवून पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाला. तिथंच मला माझा सोबती भेटला, आताच्या नवरीचा बाप. तो पऱ्हाटी निघाल्यावर हंगामापुरता यायचा. प्रेसवर तो एका बाजूला, मी दुसऱ्या. रुईच्या धुळीनं दोघंही पांढरे. तो मला म्हणायचा, "दादा, तुमी इमानातून पडले असते तं याच गठानीवर पडले असते, लागलं नसतं."

जिनिंग हंगामी. उन्हाळ्यात काम बंद. आणि उन्हाळ्यात गावोगाव लग्नं. हा हिशोब तिनं जुळवला, मी नाही. आमच्या ओळखीचा एक म्हातारा बिछायतवाला थकला होता, सामान काढत होता. ती म्हणाली, "दोर, कापड, गाठी. तुमाले दुसरं येते काय? घेऊन टाका." घेऊन टाकलं.

पहिला मांडव याच सोबत्याच्या थोरल्या पोरीचा. मला वाटलं, आता दाखवू लोकांना. मी छताचं अख्खं कापड छत्रीसारखं घडी केलं, नागमोडी, दोरी वर. घडी अशी सुरेख झाली की मीच दोनदा पाहिली. लग्नघरी बल्ल्यांचे खांब उभे केले, चार गडी दोर धरून उभे राहिले, मी म्हणालो, "ओढा!"

त्यांनी ओढलं आणि सगळं कापड एका दमात सुटलं. छत्रीची घडी सुटण्यासाठीच असते, अडायला नको म्हणूनच ती तशी घालतात. पण वर आभाळ आणि खाली मोकळी जागा असेल तेव्हा. इथं खाली हळदीच्या आंघोळीचं पाणी साचलं होतं, बाजूला बुंदीची परात होती. पिवळं छत आधीच येऊन पोचलेल्या नवरदेवाच्या आजीच्या अंगावर पडलं. आजी आतून ओरडत होती, "मेली! मेली!" बुंदीवर कापड, कापडाखाली एक कुत्रं, ते कुठून आलं देव जाणे. सोबती कपाळाला हात लावून म्हणाला, "दादा, लढाई झाली ना, आता तं सोडा!"

माझी बायको बायकांच्यात बसली होती. उठली, आजीला बाहेर काढलं, तिचा पदर सारखा केला, मग माझ्याजवळ आली, उजव्या कानाशी. "छत्री वरून खाली येते," ती म्हणाली. "मांडव खालून वर जाते. उलटं करा."

त्या रात्रीचं जेवण झाल्यावर तिनं घरी साडी घेऊन मला दाखवलं. चारी टोकं वरच्या बाजूला, दोर बाहेर, पोट आत. मी त्यात फौजेतली दोन वळणं घातली, म्हणजे उचलताना घसरत नाही. अर्धी तिची, अर्धी सरकारची, अशी ती घडी तयार झाली. पुढं आम्ही ती कधी बदलली नाही. मराठी लग्नं केली, तेलुगू लोकांची लग्नं, म्हणजे त्यांच्या पेळ्ळ्या, केल्या, गोंडांच्या गावात केली, नंतर व्हिडिओवाले आले, जनरेटर आले. घडी तीच राहिली. जिनिंग मी सोडून दिलं.

आमच्या कुंपणापलीकडं एक तेलुगू बाई राहते. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिला मराठी थोडं, आम्हाला तेलुगू थोडं. सकाळी ती आपल्या म्हशीचं करता करता आमची घडी बघत उभी राहायची. बायको म्हणायची, "अक्का, तिकिट काढा, फुकट काऊन पाह्यता?" अक्काला कळायचं नाही, पण हसायची.

आता परत त्या दिवसाकडं येतो.

तिच्या भावाची वाट पाहावी लागली. माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय सवाष्ण बाई नेत नाहीत. तो भैंशाहून आला, हिरवं लुगडं घेऊन आला. ते नेसवल्यावर ती लग्नातल्यासारखी दिसली, हे मी लिहितो आहे आणि मला लाज वाटत नाही. दिवस मावळायच्या आत सगळं झालं. अक्कानं चिंचेचं सार आणि भात आणून दिला. आमच्यात पहिला घास शेजाऱ्याचा असतो, त्याला कडू घास म्हणतात. अक्काचं सार आंबट होतं आणि चांगलं होतं. मी खाल्लं. मला भूक लागली होती.

सोबतीही आला होता. सरण पेटल्यावर बाजूला बसून त्यानं हळू आवाजात सांगितलं, "दादा, परवाचं तुमी डोक्यातून काढून टाका. आमी जांभळीच्या डहाळ्या तोडून हिरवा मांडव घालतो. बापजाद्यांनी तेच केलं. तुमाले सुतक हाये."

सुतक म्हणजे घरी मरण झालं की दहा दिवस त्या घरातून शुभकार्याला काही जात नाही, त्या घरचा माणूस जात नाही. मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. सुतकाचं मला काही पडलं नव्हतं. ती घडी तिच्या हातची होती. ती कुणी उघडू नये एवढंच मला वाटत होतं. माझी फौजेतली लोखंडी पेटी आहे, तिच्यात ठेवायची आणि कुलूप लावायचं, असं मी तिथंच बसून ठरवलं. मेव्हणा म्हणाला, माझ्याकडं चला. माझ्या डोक्यात पेटीचाच विचार चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणा अजून पांघरुणात होता. मी शेडात गेलो. पेटी रिकामी केली. आतले जुने बूट, कंबरपट्टा बाहेर काढले, पेटी पुसली. फळीवरची घडी दोन्ही हातांनी उचलली आणि मला खालून गार लागलं.

नाड्याकडची कोर. अजून ओली.

मी घडी परत फळीवर ठेवली आणि तिच्याजवळ उभा राहिलो. पेटीत ठेवली तर महिनाभरात बुरशी धरेल. मग ते मऊ पडेल, मग बोटानं फाटेल. मी ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. असं ठेवून तिचं काय ठेवणार होतो मी? आणि उन्हात टाकजा असं ती सांगून गेली होती. मी नाही इसरत म्हणालो होतो. बायकोनं सांगितलेली कामं मी आयुष्यात पुष्कळ विसरलो. हे एक लक्षात होतं.

ऊन कुंपणावर आलं होतं. मी घडी बाहेर आणली आणि उघडली. उघडताना एकट्यानं उघडता येते, त्याला दुसरं माणूस लागत नाही. लाल कापड पूर्ण कुंपणभर पसरलं. मी नाड्याची बाजू उन्हाकडं केली आणि उंबऱ्यावर बसून राहिलो. ट्रक जात होते. धूळ बसायच्या आत वाळलं पाहिजे एवढंच बघत होतो.

वाळत आलं तेवढ्यात सोबती आला. डहाळ्या तोडायला म्हणून बैलगाडी घेऊन निघाला होता, वाटेत मला बघायला वळला. कुंपणावरची कनात पाहून तो गाडीतून उतरलाच नाही, तसाच बसून राहिला.

"हे काय, दादा?"

"वाळवून राह्यलो. घेऊन जा. छत, सतरंज्या शेडात हायेत, गाडीत टाक."

"सुतक हाये ना, दादा."

"सुतक मले हाये. मी येत नाई. कापडाले कशाचं सुतक? तिनं धुतलं तवा ती जित्ती होती."

"लोक बोलतीन."

"बोलू दे. तुह्या थोरलीच्या लग्नात नवरदेवाच्या आजीवर छत पाडलं, तवा काय कमी बोलले?"

तो हसला आणि लगेच डोळे पुसायला लागला. मग खाली उतरला. म्हणाला, "पोरीची माय कालपासून हेच म्हनते. म्हनते, त्या बाईच्या हातचीच कनात पाह्यजे. मीच इचारायले लाजलो."

"आता इचारलं ना. धर ते टोक."

त्यानं टोक धरलं, पण उलटं. मी सांगितलं, त्यानं दुसऱ्या बाजूनं धरलं, तेही उलटं. प्रेसवर गठाण दाबणारा माणूस, कापड त्याच्या हातात बसेना. कनात मधोमध मातीला टेकायला लागली. मी ओरडून सांगत होतो, तो ओरडून विचारत होता, वाऱ्यात मला काही ऐकू येत नव्हतं.

कुंपणापलीकडून अक्का आली. तिनं शेणाचे हात लुगड्याला पुसले, मग परत नीट धुतले, आमच्याच रांजणातल्या पाण्यानं. सुतकाच्या घरचं पाणी. सोबत्याच्या हातातून टोक काढून घेतलं आणि चालत चालत पार त्या टोकाला गेली, जिथं बायको उभी राहायची तिथं. मला वाटलं, आता हिला सांगावं लागेल. मी तोंड उघडलं.

कापडाला दोन झटके आले.

मी खाली पाहिलं. माझ्याकडची बाजू तिरपी झाली होती. मी सरळ केली.

मग एक झटका आला आणि मी पुढं चालत गेलो.